७ किलोंची बॅग, सव्वादोन किलो पुस्तकं : प्रवासाला कागदी न्यावीत की ई-बुक?

खिडकीची_जागा | ३ मार्च, रात्री ९:४०

मंडळी, पुढच्या महिन्यात तीन आठवड्यांच्या प्रवासाला निघतोय. जाताना विमान, मग बऱ्यापैकी रेल्वे आणि मधले सहा दिवस डोंगरात पायी. तिथे वीज नि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचं. केबिन बॅगेला ७ किलोंची मर्यादा. काल न्यायच्या पुस्तकांचा गठ्ठा काट्यावर ठेवला तर पाच पुस्तकं सव्वादोन किलो भरली. त्यातली एकच जाडजूड कादंबरी, ९०० पानांची, किलोभर आहे. ही बाई माझ्यासोबत तीन प्रवास करून आलीय आणि खूण अजून पान ४१ वर आहे.

बायकोचं म्हणणं, "तू पुस्तकं वाचायला नेत नाहीस, फिरवायला नेतोस." तिच्याकडे ई-रीडर आहे. ती बोटाएवढी जाड पाटी पर्समध्ये टाकते आणि मोकळी होते.

मला पडद्यावर वाचायचा तसा काही राग नाही. पण प्रवास म्हटला की हातात पुस्तक हवं असं आपलं वाटतं. तुम्ही काय नेता, आणि का? अनुभव सांगा. "दोन्ही न्या" असं सांगणाऱ्यांना आधीच साष्टांग नमस्कार.

टवाळ_टोणगा | ३ मार्च, रात्री ९:४३

पहिला!

दोन्ही न्या.

पायपीट | ३ मार्च, रात्री १०:१५

डोळे मिटून ई-रीडर. हिशेबच मांडतो. डेमी आकाराचं पान साधारण २१.६ × १४ सेंमी. ३०० पानी पुस्तक म्हणजे १५० कागद, कारण छपाई दोन्ही बाजूंना. ७० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागद धरला तर नुसत्या कागदाचं वजन ३१७ ग्रॅम होतं, मुखपृष्ठ वेगळं. २०२२ सालचा साधा किंडल (अ‍ॅमेझॉनचा ई-रीडर) १५८ ग्रॅमचा आहे. म्हणजे तुमच्या एका मध्यम पुस्तकात माझे दोन रीडर, आणि प्रत्येकात हजारभर पुस्तकं सहज.

विजेची काळजी करू नका. या पडद्यात केसाच्या जाडीच्या सूक्ष्म कुप्या असतात, त्यांत काळे नि पांढरे कण. विद्युतभार बदलला की एक रंग वर येतो, दुसरा तळाशी बसतो. बसले की बसले, अक्षर जागेवर राहायला वीज लागत नाही. वीज जाते ती पान उलटताना, शिवाय दिव्याला आणि वाय-फायला. वाय-फाय बंद आणि दिवा मंद ठेवलात तर तीन आठवड्यांत एखाद्या वेळी चार्जिंग करावं लागेल. मी चौदा दिवस डोंगरात होतो, परत आलो तेव्हा निम्मी बॅटरी शिल्लक.

एक मात्र आहे. थंडीत पान उलटायला हा पडदा आळस करतो आणि बॅटरीही लवकर उतरते. रात्री रीडर स्लीपिंग बॅगेत कुशीला घेऊन झोपायचं. बायकोला आधी कल्पना द्या.

टवाळ_टोणगा | ३ मार्च, रात्री १०:१८

@पायपीट, रीडर बायकोचाच आहे. तीच कुशीत घेऊन झोपेल, धागाकर्ते बाहेर. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

कागदकीडा | ३ मार्च, रात्री ११:०२

पायपीट यांचा हिशेब बिनचूक आहे, फक्त त्यात एक रकाना राहिला. पुस्तकावर कुणी बसलं तर काय होतं? काही होत नाही. रीडरवर बसलं तर?

माझं झालंय. गच्च भरलेल्या बॅगेत रीडर सपाट ठेवला होता, त्यावर बूट. या पडद्यांच्या मागे बहुतेक वेळा काचेचा पातळ थर असतो, हे मला तो तडकल्यावर कळलं. वरून ओरखडाही नव्हता. चालू केला तर वरच्या अर्ध्या भागात रहस्यकथेचं पान, खालच्या अर्ध्यात काळ्या-करड्या रेघा. तीज लागत नाही म्हणतात ना अक्षर टिकायला, ते अगदी खरं. ते अर्धं पान तसंच गोठून राहिलं. पुढचे अकरा दिवस मी तेवढंच वाचत होतो. खोलीत कोण शिरलं ते आजतागायत माहीत नाही.

(*वीज. घाईत टंकलं.)

निवांत_नंदिनी | ३ मार्च, रात्री ११:१०

"खोलीत कोण शिरलं" हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! अहो मग नंतर दुसरीकडून मिळवून वाचायचं ना!

कागदकीडा | ३ मार्च, रात्री ११:१४

पुस्तकाचं नाव वरच्या पट्टीत होतं की खालच्या, ते आठवत नाही. नाव लक्षात राहायला मुखपृष्ठ रोज दिसावं लागतं हो. रीडर उघडला की थेट मधलंच पान समोर. दोन-दोन आठवडे वाचलेल्या पुस्तकाचं नाव नि लेखक धड सांगता येत नाही, हा माझा दुसरा मुद्दा समजा.

लेकुरवाळी | ४ मार्च, सकाळी ६:५०

इथे सगळे एकटे-दुकटे फिरणारे दिसताहेत. दोन वर्षांचं मूल मांडीवर झोपलंय, डब्यात सगळे दिवे बंद आहेत, आणि तुमचा एकच हात मोकळा आहे, अशा वेळी छापील पुस्तक धरून दाखवा. पान उलटायला दुसरा हात लागतो, उलटताना आवाज होतो, उजेड तर लागतोच. मी गेली दोन वर्षं जे काही वाचलं ते रीडरवर, एका अंगठ्याने. तेही नसेल तर फोनवर. कागद की पडदा हा प्रश्न मोकळ्या हातांच्या लोकांचा आहे.

खिडकीची_जागा | ४ मार्च, सकाळी ८:०५

@लेकुरवाळी, दंडवत. हे डोक्यातच आलं नव्हतं.

@कागदकीडा, काचेचा थर ही नवीन माहिती. म्हणजे रीडर न्यायचा तर कडक कव्हर आणि कपड्यांच्या मधोमध.

शून्य_सामान | ४ मार्च, सकाळी ९:३०

मी पाठीवरच्या एका पिशवीत चार-चार महिने फिरतो. माझी पद्धत सांगतो, पटो न पटो.

जाड पुस्तक घ्यायचं आणि निघण्याआधी कण्यावर सुरी चालवून त्याचे तीन-चार तुकडे करायचे. त्या दिवशी जो तुकडा वाचायचा तेवढाच खिशात, बाकीचे तळाला. वाचून झालेला तुकडा मुक्कामाच्या ठिकाणी ठेवून द्यायचा. पिशवी रोज हलकी होत जाते. प्रवासमार्गदर्शक पुस्तकांचं तर मी नेहमीच असं करतो. सात प्रदेश फिरायचे नसतील तर सात प्रदेशांची पानं का वाहायची? तुमच्या ९०० पानी बाईला हाच उपाय.

नोंदवही | ४ मार्च, सकाळी ९:४१

काय???

निवांत_नंदिनी | ४ मार्च, सकाळी ९:४४

शून्य_सामान, तुम्ही आता पळा. नोंदवहीताई बत्तीस वर्षं ग्रंथालयात होत्या.

नोंदवही | ४ मार्च, सकाळी ९:५८

बत्तीस नव्हे, चौतीस. आणि त्या चौतीस वर्षांत पानाचा कोपरा दुमडणाऱ्यालाही मी उभा करून विचारलेलं आहे. सुरी म्हणे! पुस्तक फाडून अर्धं कुठल्या तरी खोलीत टाकून येणं याला पद्धत म्हणत नाहीत. ज्याला तो मधला तुकडा सापडेल त्याने काय करायचं? मागचं-पुढचं स्वप्नात बघायचं?

तीव्र निषेध.

टवाळ_टोणगा | ४ मार्च, सकाळी १०:०१

त्याने कागदकीडा यांना फोन करायचा. खोलीत कोण शिरलं ते बहुधा मधल्या तुकड्यात आहे.

शून्य_सामान | ४ मार्च, सकाळी १०:२०

ताई, रागावू नका. शपथेवर सांगतो, फाडतो ती माझी स्वतःची पुस्तकं, ग्रंथालयाची नाहीत. कपाटात अखंड राहून न वाचलेलं पुस्तक बरं, की तीन तुकड्यांत पूर्ण वाचलेलं? धागाकर्त्यांची खूण तीन प्रवास पान ४१ वर आहे, हे ध्यानात घ्या.

इतिहासाचे_पान | ४ मार्च, दुपारी १:३०

भांडण रंगात आलंय तोवर थोडं अवांतर. प्रवासात पुस्तकं कशी न्यायची हे दुखणं बरंच जुनं आहे.

१५०१ साली व्हेनिसमध्ये आल्डस मनुशियस या छापणाऱ्याने अभिजात लॅटिन ग्रंथ छोट्या, हातात मावतील अशा आकारात छापायला सुरुवात केली. तोवर असले ग्रंथ मेजावर ठेवूनच वाचायचे. पुस्तक घेऊन घराबाहेर पडायची सोय खऱ्या अर्थाने तिथून झाली. नेपोलियन मोहिमांवर पेट्यांमधून पुस्तकं न्यायचा. १८०८ मध्ये त्याने लहान आकाराच्या एक हजार पुस्तकांचं फिरतं ग्रंथालय करून मागितलं होतं. थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेत शिकारीला गेले तेव्हा त्यांच्याबरोबर डुकराच्या कातड्यात बांधलेली साठेक पुस्तकं होती. पेटीसकट वजन सुमारे २७ किलो, म्हणजे एका हमालाचं पूर्ण ओझं. कातडं अशासाठी की घाम, रक्त, बंदुकीचं तेल काहीही लागलं तरी पुस्तक टिकावं.

पण माझा सगळ्यात लाडका प्रकार दुसऱ्या महायुद्धातला. अमेरिकेने १९४३ ते १९४७ या काळात सैनिकांसाठी खास खिशात मावणारी पुस्तकं छापली, तेराशेवर शीर्षकं आणि १२ कोटींहून जास्त प्रती. आडवा आकार, पातळ कागद. एकाने वाचलं की दुसऱ्याला द्यायचं, पार चिंध्या होईपर्यंत. तिथेही एकेक पुस्तक फाडून वाटून घेतलं जायचं, असं वाचल्याचं आठवतं. ताई, मी फक्त निरोप्या.

नोंदवही | ४ मार्च, दुपारी २:१०

युद्धात सगळं माफ असतं. हे सहलीला चाललेत.

अक्षरजुळणी | ४ मार्च, संध्याकाळी ५:४५

सगळे ई-बुक म्हणजे एकच वस्तू धरून बोलताय. मराठी वाचकाने आधी फाइल कसली आहे ते बघावं.

ईपब प्रकारातला मजकूर वाहता असतो. अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने जुळतात. आतून ती वेबपानांची गाठोडी असते म्हणा ना. पीडीएफ म्हणजे गोठलेलं पान. जुन्या मराठी पुस्तकांचं जे काही हाती लागतं ते बहुतेक स्कॅन केलेलं पीडीएफ, म्हणजे पानाचा फोटो. सहा इंची पडद्यावर ते पान मुंगीच्या अक्षरात दिसतं. मोठं करावं तर ओळ अर्धी बाहेर. मग डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे, असं पान ढकलत बसायचं. दोन पानांत मान दुखते. त्यात कुणी युनिकोडच्या (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतांच्या) आधीच्या फाँटमधून फाइल बदलून घेतली असेल तर जोडाक्षरांचा चुराडा. 'र' ला भलतीकडेच रफार, पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर.

किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे डिसेंबर २०१६ पासून आली, त्यामुळे नवी बरीच नीट मिळतात. जुनं, दुर्मीळ वाचायचं असेल तर मात्र कागद, नाहीतर मोठ्या पडद्याचा टॅब्लेट. धागाकर्ते, तुमच्या पाचांपैकी ई-स्वरूपात किती मिळताहेत ते बघा. अर्धा प्रश्न तिथेच सुटेल.

खिडकीची_जागा | ४ मार्च, संध्याकाळी ६:२०

बघितलं. पाचपैकी दोन. जाडी कादंबरी नाही.

टवाळ_टोणगा | ४ मार्च, संध्याकाळी ६:२२

बाई चौथ्या प्रवासाला निघाल्या.

कुलूपकिल्ली | ४ मार्च, रात्री ८:५०

आणखी एका गोष्टीवर कुणी बोललं नाही. ई-बुक आपण विकत घेतो असं वाटतं, प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी वाचायचा परवाना घेतो. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांच्या किंडलवरून विकलेली पुस्तकं परत काढून घेतली होती, कारण विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. त्यात नेमकी जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' होती, सरकार नको तो मजकूर गायब करतं ती कादंबरी! पैसे परत दिले, मागाहून माफीही मागितली. पण माणूस रात्री उशाशी पुस्तक ठेवून झोपला आणि सकाळी उशाशी पुस्तक नाही, हे झालंच ना? २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा तिथून घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे मिळाले, पुस्तकं गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून केबलने रीडरवर टाकायची सोयही काढून टाकली.

पायपीट | ४ मार्च, रात्री ९:०५

मुद्दे बरोबर, पण हा मालकीचा प्रश्न झाला, प्रवासाचा नाही. तीन आठवड्यांत कोण येतंय काढून न्यायला?

कुलूपकिल्ली | ४ मार्च, रात्री ९:२१

कुणी येत नाही, पण प्रवासात याच गोष्टीचं दुसरं रूप आडवं येतं. रीडरवर मुखपृष्ठ दिसतंय म्हणजे पुस्तक आत आहे असं नाही. ते नुसतं चित्र असतं, पुस्तक दूर कुठल्या तरी सर्व्हरवर. टिचकी मारल्यावर ते उतरायला लागतं आणि त्याला नेटवर्क हवं. निघायच्या आदल्या दिवशी एरोप्लेन मोड लावा आणि प्रत्येक पुस्तक एकदा उघडून बघा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं करा.

खिडकीची_जागा | ४ मार्च, रात्री ९:३०

नोंद घेतली. धन्यवाद!

गणूआजोबा | ५ मार्च, पहाटे ५:१५

वय वर्षे ७६. आयुष्यभर कागदावरच वाचले. प्रवासात दोन पुस्तके, एक कंदील आणि एक चष्मा, असा सरंजाम असायचा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून बारीक टाइप वाचवेना. नातवाने रीडर आणून दिला. पहिले सहा महिने हात लावला नाही. मग एकदा प्रवासात काहीच वाचायला नव्हते म्हणून उघडला, तर ते पोर अक्षर एवढे मोठे करून ठेवून गेले होते की एका पानावर पंधरा ओळी. अर्ध्या तासाने लक्षात आले, आपण चष्मा लावलेलाच नाही.

आता हवा तो टाइप, हवे ते पुस्तक. कागदाचा वास येत नाही हे खरे. पण वास घेऊन वाचता येत नाही हो.

लेकुरवाळी | ५ मार्च, सकाळी ७:०२

आजोबा, शेवटची ओळ वाखूसा (वाचनखूण साठवली)!

निवांत_नंदिनी | ५ मार्च, सकाळी १०:४०

आजोबांना +१००.

पण कागदाच्या बाजूने एक सांगू का? प्रवासात हातात पुस्तक असलं की समोरचा मान वाकडी करून नाव वाचतो. मग "कसं आहे?" मग "मी त्यांचं दुसरं वाचलंय". अशी माझी निदान दोन मैत्रीचं नाती जमली आहेत (मैत्रीची नाती, अरे देवा). रीडर हातात असला की माणूस काय वाचतोय कुणालाच कळत नाही. पाठ सगळ्यांची सारखीच काळी.

टवाळ_टोणगा | ५ मार्च, सकाळी १०:४४

म्हणूनच तर मी रीडर घेतला. मी काय वाचतो ते समोरच्याला न कळलेलंच बरं.

दोन_डोळे | ५ मार्च, दुपारी १२:३०

मध्ये कुणीतरी पडद्यावर वाचलेलं डोक्यात राहत नाही म्हणालं (की माझा भास?). कुणी म्हणेल त्याआधीच लिहून ठेवते. २०१८ मध्ये एक मोठं एकत्रित विश्लेषण आलं होतं, ५४ अभ्यास आणि १ लाख ७० हजारांवर वाचक. माहितीपर मजकूर कागदावर जास्त समजतो, त्यातही वेळेची घाई असेल तर फरक आणखी वाढतो, असं त्यात दिसलं. कथात्म मजकुरात मात्र तसा फरक आढळला नाही. म्हणजे कादंबरी खुशाल पडद्यावर वाचा, परीक्षेचा अभ्यास कागदावर.

झोप उडते म्हणून जो अभ्यास सगळे पुढे करतात, तो २०१४ चा. त्यात १२ जण होते, झोपण्याआधी रोज चार तास टॅब्लेटवर वाचायचे. मेलाटोनिन (झोपेचं संप्रेरक) घटलं, झोप लागायला उशीर झाला. पण तो चमकणारा टॅब्लेट होता. ई-इंकच्या (वर पायपीट यांनी सांगितलेल्या काळ्या-पांढऱ्या कणांच्या) रीडरमध्ये दिवा पडद्याच्या मागून डोळ्यांत येत नाही, कडेने पानावर पसरतो. दोघांना एकाच दावणीला बांधू नका.

हवाई_वाचक | ५ मार्च, दुपारी ४:१०

विमानाचं राहिलंच की. आधी उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी रीडरसुद्धा बंद करायला लावायचे. अमेरिकेने २०१३ च्या अखेरीस तो नियम सैल केला, मग इतरांनीही. ती वीस-पंचवीस मिनिटं शेजारचा कागदवाला आपल्याकडे काय तुच्छतेने बघायचा! २०१७ मध्ये काही देशांतून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत फोनपेक्षा मोठं कुठलंच उपकरण केबिनमध्ये नेता येत नव्हतं, त्यात ई-रीडरही अडकले. काही महिन्यांनी ती बंदी उठली. लांबच्या विमानप्रवासात मी तेव्हापासून एक पातळ छापील पुस्तक ठेवतोच.

पाणबुडी | ५ मार्च, दुपारी ४:३०

पाऊस? नदी? कुणीच नाही? काही रीडर पाण्यात पडूनही टिकतात, गोड्या पाण्यात दोन मीटर खोल तासभर. पुस्तक टिकवून दाखवा.

नोंदवही | ५ मार्च, संध्याकाळी ५:१५

टिकवलेली आहेत. भिजलेलं पुस्तक उन्हात टाकू नये, पानं लाटेसारखी वाकतात. थोडं भिजलं असेल तर उभं करून पंख्याच्या वाऱ्यात, मधेमधे टिपकागद. चिंब भिजलं आणि दोन दिवसांत वाळण्यासारखं नसेल तर पिशवीत गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवावं. बुरशी तिथे थांबते, मग सावकाश वाळवता येतं. पुस्तक वाचवण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. सुरी त्यात बसत नाही.

शून्य_सामान | ५ मार्च, संध्याकाळी ५:२०

ताई अजून विसरल्या नाहीत. :(

खिडकीची_जागा | ६ मार्च, सकाळी ८:००

ठरलं. बायकोचा रीडर, त्यात माझी दोन, तिची बारा. छापीलमध्ये फक्त जाडी कादंबरी, हट्टाने. बाकीची घरी. एकूण सव्वा किलोच्या आत बसतंय. सगळ्यांचे आभार, आल्यावर सांगतो काय झालं ते.

टवाळ_टोणगा | ६ मार्च, सकाळी ८:०६

थोडक्यात, "दोन्ही न्या". पहिल्या प्रतिसादाला कुणी किंमतच देत नाही.

खिडकीची_जागा | २ मे, रात्री १०:३०

धागा वर काढतोय. आलो. नोंदवहीताई, बसून वाचा.

विमानात आणि रेल्वेत सगळं झकास. बायको रीडरवर, मी तिच्या खांद्यावरून तिचंच पुस्तक वाचत. डोंगरातल्या पहिल्या मुक्कामाला तिचं चालू पुस्तक संपलं. दुसरं उघडलं. फिरणारं चक्र आलं. तिसरं. चक्र. चौदा मुखपृष्ठं रांगेत उभी आणि आत काही नाही. शब्दकोश होता आणि रीडर कसा वापरावा याची पुस्तिका होती. बॅटरी ७८ टक्के.

कुलूपकिल्ली यांचा प्रतिसाद मी वाचला होता, "नोंद घेतली" असंही लिहिलं होतं. तिला सांगायचं तेवढं राहिलं.

तर सहा संध्याकाळी, माणसं दोन, पुस्तक एक. ४१ पानं मी पुन्हा पहिल्यापासून वाचली, आणि काय सांगू, या वेळी सरसर पुढे गेलो. पन्नासाव्या पानानंतर ती बाई असली वेग घेते! आतापर्यंत नऊ पानं आधी थांबत होतो मी. पहिल्या रात्री पान १३० ला पोचलो, तोवर बायको शब्दकोशात 'क' पर्यंत आली होती. दुसऱ्या दिवशी चढावर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी मी मुक्कामाच्या मालकाकडून सुरी मागून आणली.

पहिला काप पान १६० ला. पुढचा भाग मला, मागचा तिला. पण ती माझ्या दुप्पट वेगाने वाचते हे लग्नाला अकरा वर्षं होऊनही मला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती माझ्या हद्दीवर येऊन उभी. "झालं का? झालं का?" मग ५२० ला दुसरा काप. वाचता वाचता तिला पुढचं देऊन टाकावं लागलं आणि मी मागे राहिलो. शेवटच्या मुक्कामाला तिने कादंबरी संपवली, मिटली आणि माझ्याकडे असं काही बघितलं की शेवट चांगला नाही एवढं मला कळून चुकलं.

तीनही तुकडे रबरात बांधून घरी आणलेत. एकही पान टाकलेलं नाही. ताई, शिक्षा सांगा.

शून्य_सामान | २ मे, रात्री १०:३८

मी काहीही बोलणार नाही. नुसता हसतोय.

कुलूपकिल्ली | २ मे, रात्री १०:४५

"प्रत्येक म्हणजे प्रत्येक" असं लिहिलं होतं हो मी.

लेकुरवाळी | २ मे, रात्री ११:२०

शब्दकोशात 'क' पर्यंत! वहिनींचा आयडी काढून द्या इथे.

नोंदवही | ३ मे, सकाळी ९:१०

रात्री वाचलं, म्हटलं सकाळी डोकं शांत झाल्यावर लिहावं.

आधी सांगा, बांधणी कसली आहे? कण्याच्या वरच्या टोकाकडून बघा. पानांचे छोटे छोटे दुमडलेले गठ्ठे दिसतात का? ते सोळा पानी फर्मे, दोऱ्याने शिवलेले असतील. काप दोन फर्म्यांच्या मधे पडला असेल तर नशीबवान आहात, दोरा गाठ मारून पुन्हा ओवता येतो. १६० ला सोळाने भाग जातो, ५२० ला जात नाही. पण सुरुवातीची पानं वेगळ्या क्रमांकाची असतात, म्हणून डोळ्यांनीच बघा. सुट्टी पानं नुसती डिंकावर चिकटवलेली असतील तर काम आणखी सोपं. तीनही तुकडे एकावर एक ठाकून सरळ करायचे, कण्याच्या बाजूला बारीक खाचा पाडायच्या, पातळ खळ आत शिरू द्यायची, वर सुती कापडाची पट्टी आणि रात्रभर वजन. सेलोटेप लावलीत तर मात्र माझ्याशी गाठ आहे. ती पिवळी पडते आणि कागद खाते.

मग जुनं मुखपृष्ठ नव्या पुठ्ठ्यावर चढवा. फोटो टाका, पुढचं सांगते.

पण घाई नको. तिसरा तुकडा तुमचा वाचून झाला का?

खिडकीची_जागा | ३ मे, सकाळी ९:२५

नाही, ताई. खूण पान ६१२ वर आहे.

नोंदवही | ३ मे, सकाळी ९:३१

मग शिवू नका इतक्यात.

पायपीट | ३ मे, सकाळी ९:४०

राहिली २८८ पानं. १४४ कागद, ७० जीएसएम, सुमारे ३०५ ग्रॅम. पुढचा प्रवास कधी?